गंज

पहिल्यांदा हणमंत खाडे कुपवाडच्या फाउंड्रीतून गंज घेऊन आला
डालड्याच्या जुन्या डब्यात, वर फडकं बांधून,
विरजण आणावं तसा.
"किती घेतले?"
"पैसे नाही घेतले. पण हसले."

भिंतीवर टाचलेलं कोटेशन :
मॉलिब्डेनम, किलोचा भाव.
आकडा पाहून विभागप्रमुख म्हणाले होते,
एवढ्यात दोन शिपाई ठेवता येतील वर्षभर.
हणमंत तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

म्हणून लोखंड.
म्हणून तासगावच्या शेडमधून उरलेलं अर्धी पिशवी गंधक,
द्राक्षांवर भुरी आली की मारतात तेच,
आणि वणीचा कोळसा,
ज्याचा एक खडा हातात फिरवून हणमंत म्हणाला,
"राख लई हाय. आमच्या आप्पांनी इंजिनात घातला नसता."
त्याचे आप्पा कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीवर फायरमन.
मी जाळून तोलला : राख एकतीस टक्के.

कोळसा पिठासारखा दळायचा,
डांबरतेलात कालवायचा,
गंज चिमटीनं, गंधक त्याहून कमी,
आणि सगळं एका गंजात भरायचं.
आईचा भाताचा होता तसाच उभा गंज,
फक्त याच्या झाकणाला बारा बोल्ट.
हायड्रोजन. चारशे वीस अंश. एक तास.
तो तास आम्ही बाहेर लिंबाखाली.
हणमंत भिंतीकडे बघून अंदाज बांधायचा,
"फुटलाच तर ही बाजू जाईल.
तिथं प्राचार्यांची गाडी असते."

फाउंड्रीच्या गंजानं निम्माही कोळसा विरघळला नाही.
जड, काळ्या खपल्यांचा, आगीत जन्मलेला गंज.
चौदा वेळा.

पंधराव्या वेळी डबा रिकामा होता
आणि मला न विचारता त्यानं
तळमजल्यावरचं कपाट खरवडलं.
पुरात नऊ दिवस कृष्णेच्या पाण्यात उभं राहिलेलं,
आत उत्तरपत्रिकांचा लगदा,
दारावर मऊ भुकटी, हळदीहून गडद,
बोटाला लागली की धुऊनही न जाणारी.

झाकण काढलं. वास नव्या रस्त्याचा.
शंभरातला एकाहत्तर भाग कोळसा
आता कोळसा नव्हता.
हणमंतानं बोल्ट मोजून ताटलीत ठेवले,
बाराच होते, पुन्हा मोजले.

पुस्तकात असतं, उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही.
महागाचं असेल तसं. त्याला गाळतात, धुतात, परत घेतात.
स्वस्तातला राखेबरोबर जातो,
त्याला शोधायला कुणी बसत नाही.
वर्गात हे सांगताना मी वाक्याच्या मधेच थांबले :
हणमंत मागे खिडक्या लावत होता.
नंतर तोच म्हणाला,
"मला त्यात धरू नका मॅडम. मला पेन्शन हाय."

मग पत्र आलं परीक्षकांचं, सभ्य, चार ओळींचं :
नमुना कुठला? पुन्हा करून दाखवा.
कपाट तर खरवडून संपलेलं,
त्याचा पांढरा पत्रा दिसायला लागलेला.
मी म्हटलं, पूर काही मागवता येत नाही.
शेवटच्या वर्षाची ऋचा कुंभोजकर, मान वर न करता :
"येतो की. हे तेल जाळत राहायचं."
कुणीच हसलं नाही.
मी तिला पुढचा नमुना तोलायला दिला.

आता इमारतीच्या मागे सहा घमेली.
लेथचा कीस, आयर्विन पुलाखालून कॅनमध्ये आणलेलं पाणी,
आणि गाळ, हणमंताच्या हिशोबानं.
दोनांत नळाचं पाणी, तुलनेसाठी, ती मी भरली.
संध्याकाळी सायकल काढण्याआधी तो वाकून बघतो,
कडेला पिवळं धरतंय का,
ओंजळभर पाणी शिंपडतो
आणि हात पँटला पुसतो, जिथं आता कायमचा डाग आहे.

चौथ्या घमेल्यात बेडकीनं अंडी घातली.
हणमंतानं ते उचलून सावलीत नेलं.
वहीत मी लिहिलं :
घमेलं क्रमांक चार, वगळले.
कारणाचा रकाना अजून कोरा आहे.