दोन इंच तांबं

सांवेर रोडला, एफ सेक्टरमध्ये, रात्री अडीचला
मैद्याचा वास येत नाही.
तो नाकात राहायलाच आलेला असतो.
वास येतो तो तापलेल्या पट्ट्याचा
आणि यीस्टचा, जरा आंबट,
फडताळात विसरलेल्या ताकासारखा.

मी फिटर. आडनाव मुंगी.
साखरेचं पोतं उघडलं की कुणीतरी म्हणणारच,
"मुंगीसाब को दूर रखो."
थावरिया म्हणायचा नाही. तो मामाजी म्हणायचा.
झाबुआकडचा. शनिवारी जन्मला म्हणून थावरिया,
जन्मतारखेतलं एवढंच त्याला पक्कं माहीत.

शीटरला जाळी होती.
पिवळी, चार बोल्टांची, मशीनबरोबर आलेली.
उघडली की मोटर बंद.
पण कणीक अडकायची. मग जाळी उघडा,
गोळा काढा, जाळी लावा, बटण दाबा:
साडेतीन मिनिटं.
शेठनं मोबाईल लावून मोजली.
"रात्रीतून वीस वेळा, मुंगी. सत्तर मिनिटं.
सत्तर मिनिटांत खारी किती निघते, सांग."
मी सांगितलं.
हिशेब मला येतो, हीच तर भानगड.

दोन इंच तांब्याची तार.
टोकं सोलली, स्विचच्या पोटात वळवली.
मशीनला वाटत राहिलं, जाळी जागेवर आहे.
इतकं सोपं होतं
तिची खात्री पटवणं.

जाळी भिंतीला टेकली.
आधी तिच्यावर टोस्ट गार करत,
मग चहाचे ग्लास आले, कुणाचा तरी टॉवेल,
आणि पॅकिंगची रुक्माबाई पाळीवर आली
की हातातल्या बांगड्या काढून तिथंच अडकवायची.
मशीनपाशी काच नको, म्हणायची.

दहा महिने काही झालं नाही.

मंगळवार होता.
गोळा रोलरच्या तोंडाशी थांबला
आणि थावरियानं तो पुढं सारला,
तव्यावरची पोळी सारतात तसा, बोटांच्या टोकांनी.
ओरडला नाही.
"मामाजी" म्हणाला,
पाना मागताना म्हणायचा त्याच आवाजात.

लाल बटण मैद्याच्या पोत्यांमागं होतं.
मोजायला वेळ नव्हता, तरी सांगतो:
तीन पोती.

एमवायमध्ये डॉक्टरनं विचारलं,
काम कुठल्या हातानं करतोस?
तो म्हणाला, जो लागेल त्या.
दोन बोटं गेली. तिसरं आहे, वाकत नाही.
तो घाणा आम्ही फेकला.
त्याच्या आधीचा टेम्पोत चढलेला होता,
सकाळी आठपर्यंत तो
राजवाड्यापासून पलासियापर्यंत चहात बुडाला असणार.

दुसऱ्या रात्री जाळी उचलली.
टोस्टचा चुरा ब्रशनं काढला.
बांगड्या रुक्माबाईच्या हातात दिल्या,
तिनं घेतल्या, भरल्या नाहीत.
एक बोल्ट सापडेना.
सियागंजात बारा रुपयांना मिळाला,
दुकानदार म्हणाला, डझन घ्या, स्वस्त पडेल.
शेठ दारात उभा होता. काही बोलला नाही.
मीही नाही. पोती मात्र त्यानं स्वतः हलवली,
एक, दोन, तिसऱ्याला मी हात लावला.

थावरिया आता पॅकिंगला.
खारीची पाकिटं मोजतो, चुकत नाही.
परवा जेवणाच्या सुट्टीत शीटरपाशी आला,
तळवा जाळीवर बाहेरून टेकवला
आणि दाबून पाहिला.
काढला तेव्हा हातावर चौकोन उमटले होते,
मैद्याचे, बारीक.
त्यानं ते पँटला पुसले.

नवा पोरगा आलाय, वसुनिया, खरगोनकडून.
काल कणीक अडकली, तर म्हणतो,
"मामाजी, ये जाली हटा दो ना, टाइम जाता है."
मामाजी त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

किती टाइम, ते मला माहीत आहे.
त्याला स्टुलावर बसवलं,
चहा दिला.
तार माझ्या पाकिटात आहे, वीजबिलाच्या पावतीमागं.
काढून दाखवावी म्हटलं.
चहा अर्धा झाला तोवर मोटर सुरू झाली.