मर्यादेच्या आत

कासिल्दाने पिशवी उघडली तेव्हा
आधी बर्फ बाहेर आला, मग पाय.
लालभडक, आत्ताच
ला मांचाच्या नांगरटीतून चालून आल्यासारखे.
सोबत रेमिहिओची चिठ्ठी, गिचमिड अक्षरात:
नोव्हेंबर. द्राक्षमळ्याच्या बांधापाशी. मादी.
छर्रा नाही. कुत्र्याने तोंड लावलेलं नाही.

गळ्याच्या थैलीत गव्हाचे एकोणीस दाणे, गुलाबी.
हा रंग माणसांसाठी असतो,
पेरायचं आहे, खायचं नाही, असं सांगणारा.
तितरांना तो वाचायला कुणी शिकवलं नाही.

यंत्राने दोन नावं दिली.
एक बुरशीवरचं. मर्यादेच्या आत.
एक किडीवरचं. मर्यादेच्या आत.
दोघंही साळसूद, हात बांधून उभी,
एकमेकांना कधी पाहिलंच नाही अशी.

कासिल्दाला त्यांची ओळख ठाऊक आहे.
बुरशीवरचं आधी येतं, दाण्यातून.
मारत नाही. यकृताला फक्त हलवून उठवतं:
ऊठ, विकरं वाढव, कामाला लाग.
आणि यकृत, जन्माचं कामसू,
बाह्या सरसावून बसतं.
मग दुसरं येतं
ऑलिव्हच्या बागेवरून, वाऱ्याबरोबर,
बोथट, अर्धवट झोपेत.
यकृत त्याला घासतं, सोलतं,
पार लख्ख करतं,
आणि धार लागते.

नियमांच्या पुस्तकात एकेकट्याचं पान आहे.
जोडीचं पुढच्या आवृत्तीत येईल, असं
माद्रिदहून चार वर्षं कळवतायत.

संध्याकाळी रेमिहिओचा फोन. काय निघालं?
ती म्हणते, मरायला पुरेसं
काहीच निघालं नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता ट्रॅक्टर.
मग तो म्हणतो,
"आमच्या हिच्या गोळ्यांच्या डबीवर
औषधांच्या दुकानातली पोर लिहून देते,
ही त्या पांढरीबरोबर घ्यायची नाही म्हणून.
इतकं सोपं आहे ते. पेनाने लिहिते."

फॉर्मवर मृत्यूचं कारण.
रकाना एका नावाच्या रुंदीचा.
कासिल्दा दोन्ही लिहिते, दाटीवाटीने,
आणि मधलं "आणि"
रेषेच्या बाहेर जातं.
ती ते खोडत नाही.