कुणाला ऐकायला जावं, विचारलंस म्हणून

मी गाण्यातला नाही गं, वायरीतला आहे.
कोपरखैरण्यात एक गाळा, एक टेम्पो,
सोळा चॅनलचा मिक्सर,
त्यातला अकरावा अंगठ्यानं दाबून धरावा लागतो.
सव्वीस वर्षं लोक गातात
आणि मी त्यांच्या पायाशी उकिडवा
वायरींवर चिकटपट्टी लावतो.
पायांवरून कळतं मला, कोण कसा लागणार आज.

तर लिही.

वाशीच्या हॉलात मंगोलियाचा एक माणूस आला होता.
निळा झगा, घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य.
त्यानं तोंड उघडलं
आणि स्पीकरांतून घरघर.
म्हटलं, मेलो, अर्थिंग गेलं.
वाकून पळालो पहिल्या रांगेसमोरून,
तीन बोर्ड तपासले, एक प्लग उपटला,
घरघर तश्शीच,
वर तिच्याच डोक्यावर एक बारीक शीळ
घार फिरावी तशी.
मग वळून पाहिलं.
दोन्ही त्याच्याच गळ्यातून.
मी प्लग हातात धरून उभा.
मागून कुणी खेकसलं, "ओ इलेक्ट्रिशियन, खाली बसा."

घोडबंदरच्या त्या चार पोरांचं नको लिहू,
दोन लॅपटॉप, एक संबळ, खूप धूर.
लेव्हल अप्रतिम होती.
नाव विसरलो.

येऊरला पाटोणपाड्यावर जान्या वरठा.
तारपा फुंकताना तो श्वास घेत नाही.
घेत असणारच, पण कुठून,
ते सात वर्षांत मला सापडलं नाही.
त्याला माईक लावणं म्हणजे वासराला चष्मा.
तो चालतो, वळतो, माईक मागे राहतो,
नाचणारे मात्र त्याच्याकडे पाठ करत नाहीत.
मीही करत नाही. स्टँड हातात घेऊन
उलटा उलटा चालतो त्याच्यापुढे.

त्याला एकदा ठाण्यात आणलं, तलावपाळीच्या कार्यक्रमाला.
त्याच्यानंतर मालीचा मामादू,
एकवीस तारा, अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं.
दोघं पडद्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.
एकाची भाषा दुसऱ्याला ठार कळत नव्हती.
मामादूनं तारप्याच्या भोपळ्यावर टिचकी मारली,
बाजारात मारतात तशी.
जान्यानं त्याचा भोपळा ठोकला, कान लावला,
म्हणाला, "यो जून हाय. आमच्याहून जून."
आणि मग तिथंच, चहाच्या थर्मासशेजारी,
दोघांनी जे वाजवलं
तेव्हा माझा मिक्सर बंद होता.
स्टेजवर ते आले, पण पत्रिकेप्रमाणे,
एकामागून एक.

शेवटी धाकलीबाय मढवी, तळवलीची धवलारीण.
हळदीच्या रात्री मांडवात बसली,
मी माईक पुढे सरकवला.
तिनं तो कोपरानं ढकलला.
"बाजूला घे रं यो दांडा. देव काय बयरा हाय?"
आणि लागली गायला, एकेका देवाला हाक मारत,
डोंगरातला, खाडीतला, उंबऱ्यातला,
सगळ्यांना लग्नाचं बोलावणं,
जणू पत्ता तिलाच ठाऊक.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.
ढकललेल्या माईकनं जे ऐकलं ते त्यात आहे:
जनरेटर, ताटं,
एक पोर जिलबी मागतंय, मागतंच आहे,
आणि खूप मागे, खाडीपलीकडून यावी तशी, ती.
तीनदा साफ करायला बसलो.
जनरेटर कापला की तीही पुसट होते.
आता तसंच ठेवलंय. पोरासकट.

ती गेली. तिची सून गाते, सुरेखा,
आवाज जाडा, पण बोलावणं तेच.
तिकीट नाही, जाहिरात नाही,
हळदीला आमंत्रण लागतं.
तुला नसेल, तर चौदा तारखेला
संध्याकाळी पाचला गाळ्यावर ये.
वायर गुंडाळायला येते ना?