गेन

शिनोजच्या दुकानात, गुदैबियाच्या गल्लीत,
शंभर वॅटचा नवा अ‍ॅम्प चकाकतोय.
"घे रे, भिंत पाडेल."
भिंत भाड्याची आहे, शिनोज.
पलीकडे रात्रपाळी करून आलेली नर्स झोपते.

मी दिवसभर मनामाच्या गच्च्यांवर एसी दुरुस्त करतो,
सेहेचाळीस डिग्रीत, कॉम्प्रेसरला कान लावून:
कुठला गुरगुरतो, कुठला नुसता कण्हतो,
कुठला चार दिवसांत बसणार.
तोच कान घेऊन आलोय.

गेन सातवर. जाड तारेवर तळव्याची कड टेकवून
धग् धग् धग्
आवाज मोठा, पण पिठलं झालेलं;
सूर कुठला, गुठळी कुठली, कळेना.

मग रोडेलच्या खोलीवर. वीस वॅटचा, व्हॉल्व्हचा.
जाळी फाटलेली, मागे मनिलाच्या विमानाचं लेबल.
कंत्राट संपलं त्याचं, गुरुवारी जातोय.
अ‍ॅम्प तापेपर्यंत आम्ही करक चहा पितो.
पुन्हा तेच, धग् धग्
प्रत्येक घाव सुटा,
कातळात पहार बसावी तसा.

आणि मी मध्येच हात उचलतो.
लोक वाजवून निवडतात. मी थांबून बघतो,
एवढं ओरडल्यावर मागे काय उरतं.

बारीक घरघर. पन्नास हर्ट्झची, ओळखीची.
"अर्थिंग सैल आहे."
रोडेल हसतो, "सहा वर्षं झाली."

पंचेचाळीस दिनार.
स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशातच आहे.