वारा समोरून होता

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
कारण जूनमध्ये इथं सूर्य काही बुडत नाही,
सामाईक स्वयंपाकघरात भांडी विसळताना
ते एकमेकांना गाडीचं ॲव्हरेज विचारतात.
नावं नंतर. कधी कधी नावं विचारायची राहूनच जातात.

इंगेमार म्हणतो, मैलाला एक लिटर, फार तर थोडं वर.
स्वीडनचा मैल दहा किलोमीटरचा असतो,
हे त्याला दरवेळी समजावून सांगावं लागतं, आणि त्याला ते आवडतं.
वेल्सहून आलेली एलुनेड गॅलनात बोलते:
तीस. चढ नसेल तर बत्तीस.
चढ नसेल तर! सेन्या बेटावर!
सगळे कपाळाला आठ्या घालून मनात भागाकार करतात,
कुणाचा कुणाशी जुळत नाही,
म्हणून कुणी खोटं पडत नाही.

एकोणीस उन्हाळे मी हा ओटा पुसते आहे.
माझ्याकडे गाडी नाही, एक होडी आहे,
तिचं ॲव्हरेज माझ्या खांद्यांना विचारा.
पण एवढं मला कळलंय:
रात्रीचा आकडा वेगळा, सकाळचा वेगळा.
सकाळी हेच लोक माझ्या खिडकीशी येतात,
चपला ओल्या, केस विस्कटलेले, आवाज खाली,
"सोल्फ्रिद, पुढचा पंप किती लांब?"
बासष्ट किलोमीटर, मी सांगते, मध्ये दोन घाट, एक बोगदा.
मग बोटांवर जो हिशेब होतो
तोच खरा.

हार्टविग मात्र रात्रीही खरं बोलतो.
त्याच्याकडे वही आहे, रेघांची, रबर लावलेली.
प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ, प्रत्येक पावती चिकटवलेली.
कंपनीच्या कागदावर शंभराला साडेआठ.
ब्रेमेनहून निघाल्यावर दहा पूर्णांक सहा.
ते त्याला मान्य आहे: मागं दोन सायकली,
शंभर लिटर पाणी, आणि तो लठ्ठ कुत्रा.
पण डेन्मार्कनंतर दहा आठ.
ट्रॉनहाइमला अकरा.
काल अकरा दोन.
चाकांची हवा पाहिली. फिल्टर बदलला.
पाणी निम्मं केलं, वेग नव्वदवरून ऐंशीवर आणला.
तरी अकरा दोन.
"कुठंतरी काहीतरी चुकतंय," तो म्हणाला
आणि वहीकडे असं पाहिलं
जसं ताप न उतरणाऱ्या पोराच्या थर्मामीटरकडे पाहतात.

रोजविता कप पुसत होती.
तोच कप, तिसऱ्यांदा.

मी तिला पाहिलं होतं, रात्री दीडच्या उन्हात,
ओहोटीच्या पाण्यात, स्कर्टचा घोळ वर धरून,
त्या झोळीत दगड. काळे, अंगावर एकच पांढरी रेघ.
गाडीत जाऊन तिनं बिछान्याखालची फळी उचलली
तेव्हा आतून दुसऱ्या किनाऱ्यांचा आवाज आला.
तांबड्यावर करडा, करड्यावर हा काळा.
तिनं मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं नाही,
फक्त फळी हळूच टेकवली, आत कुणी निजलंय अशी.

"वारा," मी म्हणाले. "या दिवसांत समोरून असतो."
इंगेमारनं मान डोलावली.
एलुनेड म्हणाली, हो ना, अगदी तोंडावर.
हार्टविगनं रबर काढलं, पेन उघडलं,
अकरा दोनच्या पुढे लिहिलं: वारा.
आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

सकाळी पैसे द्यायला रोजविता एकटी आली.
माझं दार आपटू नये म्हणून मी एक दगड लावते,
भाजून फुगलेल्या पावासारखा, दोन्ही हातांनी उचलावा लागतो.
तोच तिच्या हातात ठेवला.
"किती भरेल?" तिनं कुजबुजत विचारलं.
"असेल किलोभर," मी म्हणाले.
मीही आकडा जरा कमीच सांगितला.

ते गेले.
दिवसभर माझं दार आपटत राहिलं.
वारा होताच की.