चौऱ्याऐंशी ग्रॅम

डिलिव्हरीचा पोरगा विचारतो, काय आहे ह्यात?
खोकं एवढुसं, वजन भलतंच.
मी ओटीपी सांगते. म्हणते, दगड.
तो एकदा माझ्याकडे बघतो,
एकदा जिन्याच्या खिडकीतून येऊरच्या डोंगराकडे.
अख्खा डोंगर दगडाचाच.
फुकट.

पहिल्यांदा फसले होते,
तेही सांगायला हवं.
'आजोबांना शेतात सापडलेली अस्सल उल्का, प्रमाणपत्रासह.'
प्रमाणपत्राला सोनेरी वेलबुट्टी,
सत्यनारायणाच्या निमंत्रणाला असते तशी.
काळा, जड, चुंबकाला चिकटलाही बेटा.
कोपरा कापून घेतला तर आत
नुसती जाळी, अनारशासारखी.

आणि मला ते कळू नये?
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
आमचे अण्णा एकवीस वर्षं भट्टीवर.
उकळत्या रसावर साय धरते
ती लांब दांड्यानं ओढून बाजूला टाकायची.
कीट म्हणायचे तिला.
तिसरीत असताना त्यातलाच एक तुकडा
मी कंपासपेटीत घेऊन हिंडायचे.
अण्णांनी फावड्यानं फेकलेलं
मी नऊ हजाराला परत घेतलं.
असते तर हसले असते,
हसता हसता खोकले असते.

सौमित्र म्हणाला, परत पाठव, पैसे मिळतील.
नाही पाठवला.

मग शिकत गेले.
मोरीच्या उरलेल्या टाइलची पाठ, तिच्यावर घासायचं;
लालसर रेघ उठली तर समजायचं, इथलाच.
बुडबुडे नकोत. फार चकाकी नको.
कुठे सापडला, यादीत नोंद कुठल्या नावानं,
कापलेल्या बाजूचा फोटो, तोही उन्हातला.
बँकेत काउंटरखाली मोबाइल धरून
मोरोक्कोच्या हमीदला विचारत राहिले
दिवसाआड एक प्रश्न.
शेवटी त्यानं काट्यावर ठेवून व्हिडिओच पाठवला.
इथे साडेअकरा, तिकडे नुकतं उजाडलेलं,
आकडा स्थिर होता होता
मागे कोंबडा आरवला.
प्रमाणपत्राचं सोडा,
माझा विश्वास त्या कोंबड्यावर बसला.

आता हा माझ्या हातात.
भाकरीचा करपलेला पापुद्रा असावा
तसं पातळ काळं कवच,
आणि मळलेल्या कणकेत कुणी अंगठा दाबून
विचारात पडावं, तसे खळगे.
कापलेल्या बाजूला राखाडीत
चांदीचे बारीक कण.
टाइलवर घासला. रेघ नाही.
दोऱ्याला टांगलेलं चुंबक
जरासं कललं त्याच्याकडे
आणि मी उगाचच स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

भोईर काकी म्हणाल्या, वरून पडलेलं घरात ठेवू नये.
मग बघू म्हणाल्या. मग हातात घेऊन
बराच वेळ परत दिला नाही.

साडेचार अब्ज वर्षं
ह्याला काही झालं नाही.
कोपरीत येऊन बारा दिवस नाही झाले
तर कडेला तांबूस ठिपका.
खाडीची हवा. ती आमच्या ग्रिलला सोडत नाही,
कपाटाच्या बिजागरीला सोडत नाही,
ह्याला कशाला सोडेल?
गोळ्यांच्या बाटल्यांतल्या त्या 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्या
वर्षभर जमवल्या होत्या, त्या सगळ्या
घट्ट झाकणाच्या डब्यात ओतल्या,
मधोमध हा.
शेजारी अण्णांचं कीट.
म्हणजे त्यांचंच असं नाही,
कुठल्याही भट्टीचं असेल.
त्याला मात्र ठिपका नाही,
त्याच्यातलं लोखंड आधीच
कुणीतरी काढून घेतलंय.

रविवारी सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा काढते.
आला तेव्हा बरोबर चौऱ्याऐंशी.
आज चौऱ्याऐंशी पूर्णांक एक.
गंज चढला की वजन वाढतं, हवेतलं काहीतरी
आत जाऊन बसतं.
वहीत तारीख घातली, आकडा लिहिला.
खाली, दुसऱ्या कुणाला कळू नये
इतक्या बारीक अक्षरात:
शून्य पूर्णांक एक ग्रॅम ठाणे.