गळती

ताळगावच्या पठारावर संध्याकाळी सहाला
झुआरीकडून वारा चढतो, खारट, ओला,
आणि इलेक्ट्रोमीटरचा काटा
दिवा बंद असतानाही हलू लागतो.
टेफ्लॉनवर बसलेला दमटपणासुद्धा वीज वाहतो,
अगदी आमच्याच मापाची. आपली कोणती,
वाऱ्याची कोणती, कळत नाही.
मी बहिणीचा हेअर ड्रायर आणून ठेवलाय.
प्रबंधात त्याचा उल्लेख नाही.

ज्या प्रकाशासाठी हे सगळं
तो कुणाला दिसत नाही.
काच त्याला अडवते, क्वार्ट्झ अडवतं,
लिथियम फ्लोराइड एक हजार पन्नास अँगस्ट्रॉमपाशी हात टेकतं,
वीतभर हवा त्याला गिळून ढेकरही देत नाही.
म्हणून दिवा आणि वायू यांच्यामध्ये खिडकीच नाही.
नुसती फट, केसाएवढी,
आणि दोन पंप रात्रभर
गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसे उपसत राहतात.

आठ दिवस निर्वात टिकेना.
जोडामागून जोड ॲसिटोन थेंबवून पाहिलं.
नवव्या दिवशी इनास आला.
इनास फुर्ताद, हुद्दा मदतनीस.
बाप केप्याला काजूची भट्टी लावायचा,
भाणाच्या तोंडाला रोयणीची माती थापायचा
आणि वाफ कुठून निसटते ते वासानं सांगायचा.
पण इनास, इथे बाहेर काहीच येत नाही,
इथे हवा आत जाते.
तो जरा थांबला. खिशातला रुमाल नळाखाली धरला
आणि एकेका फ्लॅन्जला गुंडाळत गेला.
चौथ्या जोडापाशी काटा खाली बसला.
“बाय, हांगा घेता उस्वास.”

पुस्तकात यांना राजवायू म्हणतात.
कुणाचं घेणं नाही, कुणाचं देणं नाही,
आठ इलेक्ट्रॉन बलकांवात बसवून
दार लावून घेतलेलं.
“म्हणजे भाटकार,” इनास म्हणाला.
भाटकार खरा, पण हिशेबाला चोख.
सातशे सत्त्याऐंशीच्या खालचा प्रकाश
जितके कण गिळेल तितकेच इलेक्ट्रॉन बाहेर काढेल.
एकास एक. उधारी नाही, सूट नाही.
नळीत दोन पट्ट्या, एकामागे एक, सारख्या लांबीच्या.
पहिलीवर किती उतरले, दुसरीवर किती,
एवढंच लिहायचं.
दिवा किती तेजस्वी, हे कुणी विचारायचंच नाही.

इनासचा लॅन्सी लिस्बनचे कागद करून
स्विंडनला गेलाय, गोदामात रात्रपाळीला.
आकडे जुळत होते, दोन वाजून गेले होते,
माझ्या तोंडून निघून गेलं:
एक निघून गेला की मागे जो उरतो
त्याला आयन म्हणतात, इनास.
त्याच्या चिमटीत एक नट होता.
तो त्यानं बशीत नीट ठेवला.
“बाय, माझ्या पोराला इलेक्ट्रॉन करू नका.
तो दर आयतारी फोन करतो.”
मी वहीत डोकं घातलं.
त्या पानावर एक ओळ दोनदा लिहिली गेलीय.

पहाटे चारला पस्तीस आले.
दाब बदलला, पुन्हा पस्तीस.
“पस्तीस काय?”
मेगाबार्न. बार्न म्हणजे कोठार,
मेगा म्हणजे दहा लाख.
दहा लाख कोठारांची पस्तीस गावं,
आणि सगळी मिळून एका अणूएवढीही नाहीत.
तो बराच वेळ हसला. म्हणाला,
ज्यानं हे नाव ठेवलं
त्याच्याकडे त्या साली पीक आलं नसणार.

हा आकडा जगाला आधीच ठाऊक होता.
आम्हाला आमची नळी ठाऊक नव्हती.

झडप उघडली.
पठारावरची हवा शीळ घालत आत शिरली,
खारट, ओली, कुणालाही न विचारता.
मुरगावच्या जेटीवरचे दिवे अजून जळत होते.
इनासनं चौथ्या जोडावरचा रुमाल सोडला,
पिळला, खिडकीच्या गजावर वाळत घातला.
“फाल्यां?”
उद्या क्रिप्टॉन.
पण तो अजून वास्कोला, कस्टममध्ये पडलाय.